व्याख्या ठरली तेव्हा खोलीत कोण होतं?

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका हाउसिंग सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये एक तरुण गुदमरून मेला. ठेकेदार म्हणाला, "तो पहिल्यांदाच उतरला होता, आणि तेही स्वतःच्या मर्जीनं." वस्तीतल्या प्रत्येकाला माहीत होतं की तो दोन-तीन वर्षं हेच काम करत होता. पण माहीत असणं वेगळं आणि कागदावर असणं वेगळं. म्हणून आम्ही पाच संघटनांचे कार्यकर्ते दुसऱ्या दिवशी एकत्र बसलो आणि आपापल्या सर्व्हेच्या याद्या उघडल्या.

एका यादीत तो 'बिगारी' होता. दुसऱ्या यादीत 'प्लंबरचा हेल्पर'. तिसऱ्या संघटनेचे कार्यकर्ते त्याच्या घरी जाऊन चहा पिऊन आले होते, पण त्यांच्या फॉर्मवर 'सफाई कामगार' म्हणजे महापालिकेचा कायम किंवा कंत्राटी कामगार, त्यामुळे त्याचं नाव लिहिलंच नव्हतं. चौथ्या संघटनेनं परंपरेनं सफाई करणाऱ्या जातींचीच कुटुंबं मोजली होती. हा पोरगा मराठवाड्यातून आलेल्या बौद्ध घरातला, तो तिथंही बसला नाही. पाचवी यादी आमची. आम्ही कायद्यातली व्याख्या डोळ्यांसमोर ठेवून प्रश्न केला होता, "तुम्ही हातानं मैला वाहता का?" त्यानं उत्तर दिलं होतं, "नाही, मी पाईप लावतो." आमच्या मुलीनं प्रामाणिकपणे 'नाही'वर खूण केली होती.

पाच याद्या होत्या, पाचही आपल्याच लोकांच्या. एकही खोटी नव्हती. आणि एकातही तो माणूस जे काम करत होता ते काम नव्हतं.

हा लेख त्या मृत्यूबद्दल नाही. त्या केसचं जे व्हायचं ते कोर्टात होईल. हा लेख आहे त्यानंतरच्या आठ महिन्यांबद्दल, ज्यात पाच संघटनांनी एका शब्दाची व्याख्या एकमतानं ठरवण्याचा प्रयत्न केला. चळवळीतले अनेक मित्र याला 'वेळखाऊ चर्चा' म्हणतात. "लोक मरतायत आणि तुम्ही शब्दांचा कीस काढताय," असं मला तोंडावर सांगितलं गेलं. माझं म्हणणं उलट आहे. शब्दांचा कीस आपण काढला नाही तर समोरचा काढतो, आणि मग आपली माणसं त्या किसातून गळून जातात.

इतिहासात हे किती वेळा झालंय ते बघा.

१९११च्या जनगणनेत आयुक्त गेट यांनी हिंदूंमध्ये कोणत्या जाती वेगळ्या मोजायच्या हे ठरवण्यासाठी दहा कसोट्या दिल्या होत्या. ब्राह्मणांचं श्रेष्ठत्व नाकारतात का, वेदांचं प्रामाण्य मानत नाहीत का, देवळाच्या आत प्रवेश आहे का, स्पर्शानं विटाळ होतो का, प्रेतं पुरतात का, गोमांस खातात का, अशा. वरवर पाहता ही साधी यादी वाटते. पण तिच्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कालवलेल्या आहेत. काही कसोट्या लोक स्वतः काय मानतात याच्या आहेत, काही ते काय खातात-पितात, करतात याच्या आहेत, आणि काही समाज त्यांच्याशी कसा वागतो याच्या आहेत. या तिन्ही गोष्टी एका रकान्यात टाकल्या की कोणाची मोजणी होतेय हेच कळत नाही.

मग १९३२ आलं. लॉर्ड लोथियन यांच्या अध्यक्षतेखाली मताधिकार समिती बसली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. आता अस्पृश्यांची संख्या म्हणजे जागा, आणि जागा म्हणजे सत्ता, हे सगळ्यांना कळलं होतं. आणि अचानक अस्पृश्य कमी व्हायला लागले! बाबासाहेबांनी नोंदवलेले आकडे बघा. संयुक्त प्रांतात जनगणनेच्या अंदाजानं अस्पृश्य सुमारे १ कोटी २६ लाख. तिथल्या प्रांतिक समितीच्या मते सुमारे ६ लाख. बंगालमध्ये जनगणनेच्या अंदाजानं १ कोटीच्या वर, प्रांतिक समितीच्या मते सुमारे ७० हजार. माणसं कुठंही गेली नव्हती. गावकुसाबाहेर होती तिथंच होती. बदलली होती ती व्याख्या.

बाबासाहेबांनी १ मे १९३२च्या आपल्या टिपणात या खेळाची नाडी पकडली. सगळ्या भारताला एकच कसोटी लावण्याचा आग्रह धरला की तो आग्रहच लोकांना वगळण्याचं साधन होतो, कारण अस्पृश्यता प्रत्येक प्रांतात वेगळ्या रूपात दिसते. एका ठिकाणी सावलीचा विटाळ, दुसरीकडे फक्त पाणवठ्याची बंदी. दुसरा मुद्दा त्याहून खोल होता. शब्दशः स्पर्श टाळणं शहरात, रेल्वेत कमी झालं असेल, पण मनातली अस्पृश्यता तशीच आहे. अक्षरशः अर्थ घेऊन मोजाल तर रोग बरा झाल्याचं दिसेल आणि रोगी तसाच राहील.

हे नव्वद वर्षांपूर्वीचं झालं असं म्हणू नका. १९९३च्या कायद्यात मैला वाहणारी व्यक्ती म्हणजे हातानं मानवी मैला वाहून नेण्याच्या कामावर असलेली व्यक्ती, एवढंच होतं. सेप्टिक टँक नाही, गटार नाही, रेल्वेचे रूळ नाहीत. वीस वर्षं चळवळीनं रेटा लावला तेव्हा २०१३च्या कायद्यात व्याख्या रुंदावली. उघडी गटारं आली, खड्डे आले, रूळ आले. पण त्याच व्याख्येच्या खाली एक स्पष्टीकरण चिकटवलं गेलं. सरकारनं ठरवून दिलेली साधनं आणि संरक्षक सामग्री वापरून मैला साफ करणारा माणूस या व्याख्येत धरायचा नाही. आणि गटार, सेप्टिक टँकची सफाई 'धोकादायक सफाई' या दुसऱ्याच खणात ठेवली गेली.

या दोन खणांचा परिणाम काय झाला? जुलै २०२१मध्ये राज्यसभेत सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी उत्तर दिलं की हातानं मैला साफ करण्यामुळे एकही मृत्यू नोंदला गेलेला नाही. त्याच संसदेत गटारं आणि सेप्टिक टँक साफ करताना झालेल्या मृत्यूंचे आकडे वेगळ्या उत्तरांत दिले जातच होते. म्हणजे मंत्री तांत्रिकदृष्ट्या खोटं बोलले नाहीत. मेलेली माणसं दुसऱ्या खणात होती. व्याख्येची ताकद ही अशी असते. तिच्या जोरावर खोटं न बोलताही सत्य गायब करता येतं.

याच्या उलट टोकही आपण पाहिलं आहे. २०११च्या सामाजिक-आर्थिक आणि जातवार पाहणीत लोकांनी सांगितलेली जात जशी ऐकली तशी लिहिली गेली. आधी मान्य केलेली यादी नाही, कोणतं नाव कोणत्या गटात जातं याची ठरलेली सूची नाही. सप्टेंबर २०२१मध्ये केंद्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की या पाहणीत ४६ लाखांहून अधिक वेगवेगळी जातनावं आली. १९३१च्या जनगणनेत ती ४,१४७ होती. स्पेलिंगचा फरक, आडनाव, पोटजात, कूळ, व्यवसाय, सगळं 'जात' म्हणून उतरलं. आणि मग हाच गोंधळ पुढे करून आकडे वापरायला नकार दिला गेला. अरुंद व्याख्येनं माणसं कापली जातात आणि व्याख्याच नसेल तर माणसं गर्दीत हरवतात. दोन्हीचा फायदा एकाच बाजूला होतो.

आता संगणकवाल्यांची एक गोष्ट सांगते. निरनिराळ्या संस्थांची माहिती एकत्र जोडायची असेल तर ते आधी एक सामाईक मांडणी करतात. कोणकोणत्या गोष्टी अस्तित्वात आहेत असं आपण मानतो, त्यांचे प्रकार कोणते, एकीचं दुसरीशी नातं काय. याला ते 'ऑन्टॉलॉजी' म्हणतात. एम.ए.ला असताना तत्त्वज्ञानातला जड शब्द म्हणून मी तो पाठ केला होता. आमच्या पाच याद्या समोर आल्या तेव्हा त्याचा अर्थ कळला. आपल्याकडे माहिती भरपूर होती, सामाईक मांडणी नव्हती.

पण मांडणी करायची कशी? यासाठी मी बाबासाहेबांचा १९१६चा कोलंबियातला निबंध पुन्हा काढला. जातीच्या व्याख्येबद्दल सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले डॉ. केतकर यांची मतं ते एकेक करून तपासतात. कोणाची व्याख्या फार पसरट आहे, कोणाची फार तोकडी. केतकरांना ते मान देतात, कारण केतकर जातीकडे सुटं बेट म्हणून बघत नाहीत, जातिव्यवस्थेतला एक घटक म्हणून बघतात. तरीही ते पुढं जाऊन विचारतात की यातलं मूळ काय आणि परिणाम काय? जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्मानं सदस्यत्व ही दोन लक्षणं वेगळी नाहीत, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असं दाखवून ते जातीअंतर्गत विवाहावर बोट ठेवतात. चोवीस-पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं दिलेली ही शिकवण आपण किती वापरतो? व्याख्येत काय ठेवायचं आणि काय शोधून सिद्ध करायचं, हे वेगळं ठेवा.

आमच्या बैठकांतला सगळ्यात कडू वाद याच मुद्द्यावर झाला. चौथ्या संघटनेचे ज्येष्ठ दादा म्हणत होते की सफाईचं काम जातीनं लादलेलं आहे, तेव्हा जात व्याख्येतच हवी. त्यांची कळकळ खरी होती आणि त्यांचं समाजशास्त्रही बरोबर होतं. तरीही मी विरोध केला. कारण 'सफाई कामगार म्हणजे अमुक जातींतला माणूस' असं आधीच लिहून ठेवलं आणि मग सर्व्हे करून सांगितलं की शंभर टक्के सफाई कामगार त्याच जातींतले आहेत, तर समोरचा हसेल. ते सिद्ध होणार नाही, ते आपणच आत घातलेलं असेल. जात वेगळा रकाना म्हणून विचारा, सगळ्यांना विचारा. मग जो आकडा येईल तो तोंडावर मारता येईल असा पुरावा असेल. सरकारनं संरक्षक साधनं व्याख्येत घालून माणूस गायब केला. आपण जात व्याख्येत घालून आपल्याच मेलेल्या पोराला गायब केलं. दोन्हीमागचा हेतू वेगळा असला तरी चूक एकच आहे.

दादा त्या दिवशी रागावून उठून गेले. पुढच्या बैठकीला आले, बसले आणि म्हणाले, "माझा विरोध लिहून ठेवा आणि पुढे चला." आम्ही लिहून ठेवला. तो आजही आमच्या नोंदवहीत आहे.

एकमत म्हणजे काय, हेही आम्हाला शिकावं लागलं. पहिल्या बैठकीत हात वर करून मतदान झालं. तीन विरुद्ध दोन. हरलेल्या दोघांनी मान डोलावली आणि आपापल्या जुन्या फॉर्मवरच काम सुरू ठेवलं. बहुमतानं ठराव पास होतो, पण व्याख्या वापरात येत नाही. दुसऱ्यांदा एका प्राध्यापक सरांना बोलावलं. त्यांनी सुंदर व्याख्या लिहून दिली, चार ओळींचं एकच वाक्य. वस्तीतल्या एकाही माणसाला ते कळलं नाही.

तिसऱ्यांदा मात्र आम्ही एका मावशींना बोलावलं. त्या एका जुन्या चाळीतले सामाईक संडास साफ करतात, खोलीमागे महिन्याला ठरलेले पैसे घेतात. त्यांना विचारलं, "मावशी, तुम्ही सफाई कामगार ना?" त्या म्हणाल्या, "नाही गं बाई. सफाई कामगाराला पगार असतो."

सगळी खोली गप्प झाली. ज्या शब्दासाठी आम्ही तीन महिने भांडत होतो, तो शब्द ज्यांच्यासाठी होता त्यांनीच तो आपल्यासाठी वापरत नव्हत्या. त्या दिवसापासून आम्ही शब्द आणि अर्थ वेगळे केले. अर्थाला क्रमांक दिला. कोणी त्याला सफाई कामगार म्हणेल, कोणी बिगारी, कोणी 'चोकअप काढणारा'. प्रत्येक संघटनेनं आपल्या वस्तीत चालतो तो शब्द वापरावा, पण तो कोणत्या क्रमांकाला जोडलाय ते लिहावं. निम्मी भांडणं तिथंच मिटली, कारण ती शब्दाच्या मानापमानाची होती, अर्थाची नव्हती.

त्यानंतर आम्ही व्याख्या लिहिणं थांबवलं आणि माणसं मांडायला लागलो. चेंबरमध्ये उतरणारा. वरून दोरी धरून उभा राहणारा. मशीनचा पाईप धरणारा. दवाखान्यातली मैल्याची चादर धुणारी. संडास धुणारी. घंटागाडीवरचा. एकेक माणूस घ्यायचा आणि विचारायचं, हा आत की बाहेर, आणि का? जिथं पाचही जणांचं उत्तर एक आलं, तिथून नियम काढला. जिथं आलं नाही, तिथं एका मोठ्या प्रश्नाचे छोटे प्रश्न केले. काम कशाशी? मैल्याशी की कोरड्या कचऱ्याशी? किती वेळा? पैसे कोण देतं? साधन काय मिळतं? आता आमच्या फॉर्मवर 'तुम्ही सफाई कामगार आहात का' हा प्रश्नच नाही. 'गेल्या बारा महिन्यांत मैला, मैल्याचं पाणी, टाकी, चेंबर किंवा संडास यांच्याशी कामासाठी एकदा तरी संबंध आला का' असा प्रश्न आहे, मजुरी मिळो न मिळो, साधन असो नसो. पाईप लावणारा पोरगा आता त्यात सापडला असता.

"एवढं रुंद केलंत तर चेंबरमध्ये मरणारा आणि मॉलचा संडास पुसणारा एकच झाले की," असा आक्षेप आला. आक्षेप चुकीचा नाही. उत्तर एवढंच की मोठ्या वर्तुळाच्या आत लहान वर्तुळं काढा, पण लहान वर्तुळालाच सगळं जग समजू नका. रुंद मोजलेलं नंतर गाळता येतं, न मोजलेलं कुठूनही आणता येत नाही.

आता पद्धतीबद्दल थोडं. २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत बाबासाहेबांनी आठवण करून दिली होती की भिक्खू संघाला सभेचे नियम माहीत होते. बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, गणसंख्या, मतमोजणी, सगळं. संघात प्रस्ताव मांडून तो तीनदा घोषित करायची रीत होती, आणि ज्याला मान्य त्यानं गप्प राहायचं, अमान्य त्यानं बोलायचं. आम्ही तीन वाचनांची रीत उचलली. पण मौन म्हणजे संमती हा भाग जसाच्या तसा घेतला नाही. संघात बसणारे एका नियमाखाली समान होते. आमच्या खोलीत कोणी एम.ए. झालेलं, कोणी मुकादमाच्या भीतीत जगणारं. अशा खोलीत गप्प बसणं म्हणजे होकार नसतो, बहुतेक वेळा ती सवय असते. म्हणून प्रत्येक वाचनानंतर ज्यांची व्याख्या होतेय त्यांनी ती आपल्या शब्दांत परत सांगायची, असा नियम केला. सांगता आली नाही तर वाचन झालंच नाही असं धरायचं.

मावशींना तिसऱ्या वाचनाला सांगता आली. "म्हंजे घाणीत हात जातो त्यो समदा," असं त्या म्हणाल्या. आमच्या नोंदवहीत मूळ व्याख्येखाली तेही वाक्य आहे, आणि मला तेच जास्त अचूक वाटतं.

सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. दवाखान्यातल्या चादरी धुणाऱ्या बाईबद्दल अजून एकमत नाही. तिच्यापुढे आम्ही 'अनिर्णित' लिहिलंय, दोन्ही बाजूंची कारणं लिहिली आहेत आणि तोवर तिचं नाव वगळायचं नाही असं ठरवलंय. व्याख्येवर तारीख घातली आहे. उद्या बदलली तर जुनी खोडायची नाही, नवी तिच्याखाली लिहायची.

आणि हे सगळं आता का सांगतेय? कारण ३० एप्रिल २०२५ला केंद्र सरकारनं येत्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय घेतला आहे. गणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. आपल्या वस्त्यांत आत्ताच वाद सुरू झालाय की धर्म बौद्ध लिहायचा हे ठरलं, पण जातीच्या रकान्यात काय? कोणी म्हणतं बौद्ध, कोणी नवबौद्ध, कोणी अनुसूचीतलं जुनं नाव. भावना मी समजू शकते. माझ्या आजोबांनी जे नाव टाकून दिलं ते मी पुन्हा का लिहू? पण इथंही दोन प्रश्न एका शब्दात कोंबले जातायत. मी काय मानते, हा एक प्रश्न. समाजानं मला कुठं ठेवलंय, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर माझं आहे, अभिमानाचं आहे. दुसऱ्याचं उत्तर हा व्यवस्थेविरुद्धचा पुरावा आहे. १९९०मध्ये बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झाला, तो धर्मांतरानंतरही जात पाठ सोडत नाही हे मान्य झालं म्हणून. पहिल्या रकान्याचा अभिमान दुसऱ्या रकान्यात लिहिला तर पुरावा विखुरतो, आणि विखुरलेला पुरावा 'गोंधळ' म्हणून बाजूला टाकायला समोरचा टपूनच बसलाय. हे माझं मत. तुमचं वेगळं असेल तर ते मांडा, पण प्रगणक दारात उभा असताना नाही. आत्ता, विहारात, बायकांना आणि म्हाताऱ्यांना सोबत घेऊन, तीनदा वाचून.

व्याख्या कोणीतरी करणारच आहे. १९११मध्ये आपण खोलीबाहेर होतो. १९३२मध्ये आपल्यातला एक माणूस आत होता आणि त्या एकट्यानं किती लढावं लागलं ते आपण वाचतो. आज आपण बरेच जण आत आहोत. निदान आपल्या नोंदवहीतून तरी आपलं माणूस गळू नये, एवढी काळजी आपण घेऊ शकतो.

जय भीम.